रोवळीचं बूड
नवी रोवळी घेताना ती आधी उलटी करून बघावी, कारण कारागिराचा हात बुडात दिसतो. तिथे बांबूच्या उभ्या-आडव्या पट्ट्या एकमेकींत गच्च अडकवून पाया घातलेला असतो. मग त्याच पट्ट्या वर वळवून भोवती बारीक कामटी ओवत जातात, एकीवरून, दुसरीखालून. फिरती कामटी एकच असेल तर उभ्या पट्ट्या विषम लागतात. सम झाल्या की प्रत्येक फेरा त्याच पट्ट्यांवरून जातो आणि वीण धरतच नाही. बुरूडआळीतल्या बायकांच्या बोटांना हे गणित पाठ असतं: एक पाय बुडावर रोवलेला, ओली कामटी सरसर फिरतेय, दर फेऱ्याला ती ठोकून बसवायची. बांबूही कोवळा चालत नाही, वाळला की आक्रसतो आणि त्याला भुंगा लागतो. १९२७च्या वन कायद्यात हाच बांबू झाडांत गणला जाई. वनाबाहेरचा बांबू त्यातून सुटला तो २०१७ साली, म्हणजे तब्बल नव्वद वर्षांनी! मला खरा राग येतो तो घासाघिशीचा. प्लॅस्टिकची चाळणी आपण छापील किमतीला मुकाट्याने घेतो, आणि रोवळीला मात्र वीस रुपये कमी करायला सांगतो. आमच्या आजीची रोवळी अजून वापरात आहे. तांदूळ धुऊन धुऊन ती काकवीच्या रंगाची झालीय, फक्त काठाची बांधणी एका जागी सुटलीय. रविवारी ती घेऊन बुरूडआळीत जाणार आहे.