चिपचे कारखाने आणि आपली मुले

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. साणंद, धोलेरा ही नावे आपण आता वरचेवर वाचतो. या कारखान्यांत आपल्या मानपुरची मुले दिसतील का?

अडचण अंतराची नाही. सिमरोलला आयआयटी आहे, इंदूरला १९५२ पासून एसजीएसआयटीएस आहे. अडचण पहिल्या वर्षाची आहे. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि कॉलेजात डायोड-ट्रान्झिस्टर एकदम इंग्रजीतून. मुले सूत्रे पाठ करून पास होतात. पण लहानसा प्रवाह मोठ्या प्रवाहाला कसा आवरतो, हे स्वतः जोडणी करून पाहत नाहीत. खतावणी न समजता ताळेबंद वाचण्यासारखेच हे, असे आम्हा बँकवाल्यांना वाटते.

२०२१-२२ पासून एआयसीटीईने भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास मुभा दिली, हे चांगलेच झाले. एनपीटीईएलची व्याख्यानेही फुकट ऐकता येतात. मात्र हाताला वळण लागते ते ब्रेडबोर्ड आणि मल्टिमीटरनेच. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून मंडळाने सुट्टीत असा वर्ग भरवावा. आपल्यातील निवृत्त अभियंत्यांनी शिकवावे. हिशेब आम्ही सांभाळू.