तुमचे किती, आमचे किती

दशलक्षण पर्वातली दुपार. वास्कोत आमच्या मंडळाचं वाचन संपलं, पोथी बांधून झाली आणि बायका राजकारणावर आल्या. एक वहिनी म्हणाल्या, "काँग्रेसवाल्यांनी चौऱ्याऐंशीत दिल्लीत शीख जाळले, त्याचं काय?" दुसऱ्या काकू फणकारल्या, "आणि तुमच्या भाजपच्या राज्यात गुजरातेत काय आरत्या ओवाळल्या?" तिसरी म्हणाली, "जाऊ दे गं, सगळे सारखेच." झालं. सगळ्या समाधानाने चपला घालून घरी गेल्या.

मला राग आला तो त्या तिसरीचा.

मैत्रिणींनो, आपण दुकानदारांच्या घरातल्या. वजावट आपल्याला कळते. पण दिल्लीतले 2733, हा सरकारी आकडा, आणि गुजरातेतले हजारावर, ते एकमेकांतून वजा करून शून्य कसं येतं? गोध्र्याच्या डब्यात जळालेले 59 सुद्धा कशातून वजा होत नाहीत.

आपल्याकडे हिशेबाची दुसरी रीत आहे, आणि ती रोज आपल्या बोटांत असते. जपमाळेचे मणी 108 का? मन, वचन, काया. संकल्प, तयारी, प्रत्यक्ष कृती. कृत, कारित, अनुमोदन. आणि चार कषाय. गुणाकार करून बघा. पाप केलं, करवलं, किंवा दुसऱ्याने केलेल्याला मान डोलावली, तिन्हींचे मणी सारखेच. पक्षांबद्दल बोलताना मात्र आपण पहिल्या दोनांवर थांबतो. "कोर्टात सुटले ना?" संपला विषय.

कोर्टाचं मी मानते. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोदींना दोषमुक्त ठरवणारा तपास अहवाल कायम ठेवला. मान्य. पण तिसऱ्या मण्याचं काय? एप्रिल 2002 मध्ये भाजपची राष्ट्रीय कार्यकारिणी आपल्या पणजीतच भरली होती. मोदींनी राजीनामा देऊ केला, पक्षाने तो घेतला नाही. झुआरीचा पूल ओलांडला की पणजी, पण आपल्यातल्या कितीजणींना तेव्हा काही वाटलं? मलाही नाही वाटलं. मुलांच्या वार्षिक परीक्षा होत्या. पुढे बिल्किस बानो. पाच महिन्यांची गरोदर बाई, तिच्यावर अत्याचार, डोळ्यांदेखत तिची तीन वर्षांची मुलगी मारली. त्यातल्या 11 दोषींना गुजरात सरकारने 15 ऑगस्ट 2022 ला सोडलं, लोकांनी हार घालून पेढे भरवले, आणि सत्ताधारी आमदार म्हणाला, त्यातले काही संस्कारी ब्राह्मण आहेत. 2024 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत तुरुंगात पाठवलं. पेढा भरवणं म्हणजे अनुमोदन नाही, तर काय?

काँग्रेसच्या काकूंनी लगेच खूश होऊ नये. मोठं झाड पडलं की जमीन हादरणारच, अशा अर्थाचं राजीव गांधी बोलले, ते प्रेतं थंड होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा. सज्जनकुमारांना 2004 मध्येही तिकीट मिळालं; जन्मठेप झाली 2018 मध्ये. मनमोहन सिंगांनी 2005 मध्ये संसदेत माफी मागितली. उशिरा, पण मागितली, आणि हा फरक मी मोजते. मुंबईत 1992-93 ला 900 माणसं गेली. श्रीकृष्ण आयोगाने शिवसेनेवर बोट ठेवलं. सेना-भाजप सरकारने अहवाल नाकारला, नंतरच्या काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने तो थंड्या बस्त्यात ठेवला, आणि 2019 मध्ये काँग्रेस सेनेच्याच मांडीला मांडी लावून बसली. सगळे सारखे नाहीत, बायांनो. कुणी माफी मागितली, कुणी हार घातले, कुणी फाईल दाबली. एकेकाचं वेगळं बघावं लागतं, आणि तेवढे कष्ट नकोत म्हणून आपण "सगळे सारखेच" म्हणतो.

हे मी कुणाला शिकवायला सांगत नाही. माझं माहेर सांगलीकडचं. गांधीजींचा खून झाला, मारणारा हिंदुत्वाचं राजकारण करणारा. त्यानंतर सांगली, साताऱ्यात, कोल्हापुरात ब्राह्मणांची घरं जळाली, ती गांधीजींचा जयजयकार करणाऱ्या जमावाकडून. आमच्या गल्लीतही एक घर जळालं. जमावात गांधी टोप्या होत्या, असं आजी सांगायची. आजोबांनी कवाड आतून लावून घेतलं. "आपण काडी लावली नाही हो," हे आजीचं पालुपद. ते कुटुंब पुण्याला गेलं ते परत आलं नाही. जाताना उरलंसुरलं सामान त्यांनी मिळेल त्या भावाने विकलं, आणि त्यातला तांब्याचा बंब आजोबांनी घेतला. स्वस्तात मिळाला, असं घरात कौतुकाने सांगत.

आम्ही सगळी भावंडं त्याच बंबाच्या पाण्याने न्हालो. म्हातारपणी आजीने त्यातलं पाणी अंगावर घ्यायचं सोडलं. धूर सोसत नाही म्हणायची, आणि चुलीवर वेगळं पातेलं चढवायची. आई वैतागायची.

बंब अजून भावाकडे आहे, गच्चीवर. गेल्या वर्षी त्याने मोडीत काढायला भाव विचारला होता. मी म्हटलं, थांब जरा.