खडू द्या हातात!

आमच्या विंगमधले गणित-फिजिक्सचे पीएच.डी.वाले मेसमध्ये हल्ली डीडी आणि झेरॉक्सशिवाय दुसरं काही बोलतच नाहीत. प्रत्येक विद्यापीठाचा फॉर्म वेगळा, गठ्ठा तोच.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकासाठी गुणांचा तक्ता आला. पीएच.डी.चे ३०, शोधनिबंधाला प्रत्येकी २, तेही जास्तीत जास्त १०. गंमत अशी की हे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते. निवड मुलाखतीवरच, असं त्यातच लिहिलं होतं. म्हणजे पाच वर्षं लॅबमध्ये घासली ती दारापर्यंत पोचायला! आत काय चालतं, ते आतल्यांनाच ठाऊक.

माझं म्हणणं, उमेदवाराच्या हातात खडू द्या. वर्गात शिकवायला लावून पारखायची मुभा त्याच नियमावलीने विद्यापीठांना दिली होती. मागच्या बाकावर एस.ई.ची चार पोरं बसवा. फूरिये सिरीज समजावता येते की नाही, दहा मिनिटांत कळेल. (पोरं झोपली तर तोही निकालच.) एकदा चिकटलेला मास्तर रिटायर होईपर्यंत भोगायचा कुणी? आपणच ना?

निवड न झालेला हाच माणूस पुढे तासिका तत्त्वावर येतो. घेतलेल्या तासांचे पैसे, सुट्टीत शून्य. तेव्हा त्याचं शिकवणं चालतं, मग मुलाखतीत बघायला काय हरकत आहे?