तलाव कोणी खोदला, पाणी कोणी उपसले?



बारामतीचे नाव निघाले की आपल्या कापूस-ज्वारीवाल्यांच्या डोळ्यांसमोर ऊस उभा राहतो. ते अर्धेच खरे. नीरा डावा कालवा इंग्रजांच्या अमदानीत, १८८५ च्या सुमारास आला आणि बारामती-इंदापुरातला कालव्याखालचा पट्टा बागायती झाला. सुप्या-मोरगावकडचा माळ मात्र जिरायतच राहिला. म्हणजे आपलाच भाऊबंद.

या माळावर १९६० नंतरच्या टंचाईच्या वर्षांत एक चांगले काम झाले. 'कासा' या ख्रिस्ती मदतसंस्थेचे धान्य आणि तेल मजुरी म्हणून वाटून पाझर तलाव बांधले गेले. पुढे १९७१ साली अप्पासाहेब पवारांच्या पुढाकाराने अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला. दान खाऊन संपले नाही, गावात काही मागे राहिले. त्याचे मोल कमी करायचे नाही.

पण पाझर तलावाला पाट नसतो. पाणी मुरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना लागते. विहीर कोणाची? ज्याची जमीन खाली आणि ज्याला इंजिन परवडते, त्याची. जिने डोक्यावर पाट्या वाहिल्या ती बाई भूमिहीन असली, तर तिला मिळाले ते धान्य. तलाव पुरा झाला, धान्यही बंद. पाण्यावर तिचा हक्क कुठल्याच कागदावर नव्हता. यात कोणाची लबाडी शोधायला नको. आधी कोणी विचारलेच नव्हते.

शेजारच्या पुरंदर तालुक्यात विचारले गेले. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावात पाणी पंचायत उभी केली. जमीन कितीही असो, पाणी माणशी अर्ध्या एकराला, कुटुंबाला फार तर अडीच एकराला. भूमिहीनालाही वाटा. आणि ऊस नाही. (ऊस नाही म्हटले की अर्धी सभा उठते, हे मी पाहिले आहे.) उठणाऱ्याचेही चुकत नाही. उसाला कारखाना आहे, ज्वारीला कोण आहे? ज्वारी तोट्यात विकायची असेल, तर पाणी उसाकडेच धावणार.

२०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' आले. त्यातली कित्येक तळी पावसाने नाही, विहिरी उपसून भरतात. सगळ्यांचे भूजल एकाच्या प्लास्टिकच्या कागदावर!

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गावच्या पाझर तलावाखालच्या विहिरी मोजून याव्यात. किती, कोणाच्या, आणि तलावावर राबलेल्या घरांपैकी किती जणांच्या.