मोजणीत न येणारी मादी

कारंजा तालुक्यात महिला मंडळाच्या बैठकांसाठी मी गेली बरीच वर्षे फिरते आहे. सोहोळचे काळवीट अभयारण्य याच भागात, जेमतेम १८ चौ. कि.मी.चे. त्याबाहेरचे माळ म्हणजे गावोगावच्या ई-क्लास जमिनी. सरकारी नकाशात अशा गवताळ जमिनींवर बहुतेकदा 'पडीक' असा शिक्का असतो.

अशाच एका माळावर मी अभ्यासकांचे काम पाहिले. एक मीटरची चौकट गवतावर ठेवायची, आत कोणते गवत किती ते लिहायचे. ठरलेल्या रेषेवरून चालत पक्षी-प्राणी मोजायचे. एका तुकड्याला कुंपण घालून चराई थांबवायची, शेजारचा मोकळा ठेवायचा. वर्षानुवर्षे हे केले, तरच बदल पावसामुळे झाला की चराईमुळे, ते कळते. पद्धत मला पटली.

पण जवळच भारा बांधणारी बाई मला म्हणाली, "अवं बाई, पह्यले इथं मारवेल होता, आता नुसती कुसळी हाये." मारवेल हटून कुसळी वाढणे ही अतिचराईची खूण, असे शास्त्रही सांगते. तिला मात्र कुणी विचारले नव्हते. गावाची माहिती पुरुषांनी दिली होती.

अकोला-वाशीमच्या माळांवर पावसाळ्यात येणाऱ्या तणमोराचेही असेच. नर गवताच्या वर उड्या मारतो, म्हणून मोजला जातो. मादी गवतात दडून अंडी उबवते. तिची संख्या नरांवरून अंदाजाने धरतात. तिथे अभ्यासकांचा नाइलाज आहे. बाई तर समोर उभी आहे!

आपल्याला हे नवे नाही. बायांचे शेतातले बिनपगारी काम नोंदले जावे म्हणून १९९१च्या जनगणनेत प्रश्नातच तसे शब्द घालावे लागले होते.

याच भागात 'संवेदना' संस्थेने फासेपारध्यांना सोबत घेऊन माळरान राखण्याचे काम केले. मग गवत कापणारीचे ज्ञान बाहेर का? चौकट ठेवण्याआधी तिला विचारा, दिवसाची मजुरी द्या, अहवालात तिचे नाव घाला, निष्कर्ष तिला वाचून दाखवा.

आणि मैत्रिणींनो, आपणही एक वही घालू या: कोणते गवत, कुठे, कोणत्या महिन्यात, भाऱ्यासाठी किती चालावे लागले. उद्या 'पडीक' म्हणून माळ कुणाला द्यायचे ठरले, तर ग्रामसभेत ही वहीच आपला पुरावा असेल.