शिधा आहे, डाळ नाही

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे जे नवे दर लागू झाले, त्यांत बदामासारख्या वनस्पतिजन्य पदार्थांपासून केलेल्या दुधावरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. दूध, तूप, अंडी, मांस यांपैकी काहीच न खाणारा, स्वतःला ‘वीगन’ म्हणवणारा एक वर्ग मोठ्या शहरांत तयार झाला आहे. त्याला या सवलतीचा आनंद झाला असेल आणि त्याविषयी आमची तक्रार नाही. जनावरांवरील दयेपोटी कोणी दूध सोडत असेल तर तो त्याचा विचार आहे. तक्रार आहे ती शेजारच्या ओळीविषयी. छापील वेष्टनातील डाळ, तांदूळ आणि पीठ यांवर १८ जुलै २०२२ रोजी बसवलेला ५ टक्के कर मात्र जिथल्या तिथे राहिला. सुटी डाळ करमुक्त आहे हे खरे. तरीही बदामाचे दूध आणि पाकिटातील तुरीची डाळ कराच्या एकाच पंगतीत बसावी, याला समता म्हणायचे असेल तर समाजवाद्यांनी तो शब्द काही काळ बाजूला ठेवलेला बरा.

वस्तुतः दुधातुपावाचून जेवणे ही पेण आणि रोहा तालुक्यांतील कष्टकऱ्यांना नवलाची गोष्ट नाही. भात, तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, वालाचे बिरडे, आणि पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळे या रानभाज्या, ज्या कातकरी व ठाकूर स्त्रिया डोंगरावरून आणून बाजारात वाटे लावून विकतात. मिळाली तर मूठभर सुकट. हे जेवण तत्त्वासाठी पत्करलेले नाही. खिशाने ठरवून दिलेले आहे. तरीही आहारशास्त्राच्या कसोटीला ते उतरू शकते. नाचणीत चुना दुधाच्या जवळजवळ तिप्पट असतो. वाल व भात एकत्र खाल्ले म्हणजे प्रथिनांची एकमेकांतील उणीव भरून निघते. ब-१२ हे एक जीवनसत्त्व तेवढे वनस्पतींतून मिळत नाही. ज्यांनी सर्व प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य केले आहेत त्यांनी त्याची गोळी घ्यावी. बाकी सारे या बाजारात आहे. प्रश्न आहे तो विकत घेण्याचा.

हिशेबच मांडू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात माणशी दररोज ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये (किंवा त्यांच्याऐवजी अंडी-मांस) धरली आहेत, आणि तीही दूध आहारात आहे असे गृहीत धरून. चार माणसांच्या कुटुंबाला महिन्याला १० किलो २०० ग्रॅम डाळ लागते. सोयीसाठी डाळ शंभर रुपये किलो धरली, तर १,०२० रुपये झाले. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. म्हणजे सव्वातीन दिवसांची मजुरी केवळ डाळीत गेली. तेल, मीठ, मसाला आणि जळण यांचा हिशेब अजून सुरूच व्हायचा आहे. प्रत्यक्षात मग काय होते, हे कोणत्याही वाडीवर दिसते: कालवण पातळ होते आणि भाताचा ढीग वाढतो.

अन्न सुरक्षा कायदा २०१३ मध्ये झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कार्डावर ३५ किलो धान्य मिळते, आणि २०२३ च्या जानेवारीपासून ते विनामूल्य आहे. ही लहान गोष्ट नव्हे, आणि तिची टिंगल करणाऱ्यांत आम्ही नाही. परंतु या कायद्याच्या हक्कात डाळ नाही आणि तेलही नाही. पोट भरण्याची हमी सरकारने घेतली, पोषणाची बाजारावर सोपवली. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल असा ‘आनंदाचा शिधा’ दिला. आनंद सणापुरता का असावा, याचे उत्तर कोणी दिले नाही. तामिळनाडूत २००७ पासून विशेष योजनेतून तीस रुपयांत किलोभर तूरडाळ व पंचवीस रुपयांत लिटरभर पामतेल दर महिन्याला दिले जाते. तिजोरी त्यामुळे बुडालेली नाही. आणि एक गोष्ट ओघात सांगितलीच पाहिजे: शाळेच्या पोषण आहारात २०२३ पासून आठवड्यातून एकदा दिल्या जाणाऱ्या अंड्याचा निधी याच राज्याने जानेवारी २०२५ मध्ये बंद केला. शाकाहार ज्याचा त्याने निवडावा. गरिबाच्या मुलावर तो शासननिर्णयाने लादणे हा निराळा प्रकार आहे.

आता उत्पादनाकडे वळू. वाल हे या जिल्ह्याचे खास पीक. भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर ते येते. पाण्याची पाळी लागत नाही, आणि मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळते ते वेगळेच. असे पीक दुसऱ्या देशात असते तर त्याच्यावर सरकारने ग्रंथ लिहवून घेतले असते. इथे केंद्र सरकार ज्या पिकांना आधारभूत किंमत जाहीर करते, त्यांत तूर, मूग, उडीद, मसूर व हरभरा ही पाचच कडधान्ये आहेत. वाल त्यांत नाही. भाताला हमी, वालाला नाही. तेव्हा शेतकरी भात काढून रान मोकाट गुरांना सोडतो आणि पुढे एखादे दिवशी जमिनीच्या दलालाला. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही यावर कौल घेण्यात आला, आणि शेतकऱ्यांनी प्रचंड बहुमताने नकार दिला. जमीन त्यांनी राखली. राखलेल्या जमिनीत पिकलेल्या कडधान्याला भाव मिळवून देण्याचे काम मात्र चळवळीने अर्धवट सोडले, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि चळवळ म्हणताना आमचा पक्षही त्यात आला.

१९७२ मध्ये मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध मुंबईच्या स्त्रियांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणले, तेव्हा मागणी धान्य, तेल आणि साखर यांची होती. ‘जनतेचे भले करा’ असली मोघम मागणी नव्हती. आजची मागणीही तितकीच नेमकी हवी. प्रत्येक शिधापत्रिकेवर महिन्याला निदान दोन किलो डाळ किंवा कडधान्य. गहू नको असेल त्या कुटुंबाला नाचणी. कर्नाटकात ती आधारभूत किमतीने विकत घेऊन शिधावाटपात दिली जाते, मग कोकणात का नको? आणि केंद्राची यादी बदलेपर्यंत वालाची खरेदी राज्याने आपल्या जबाबदारीवर करावी. पेण व रोह्याच्या प्रत्येक रास्त भाव दुकानासाठी दक्षता समिती असावी असे कायदाच सांगतो. आपल्या गावची समिती शेवटची केव्हा बसली, हे कार्यकर्त्यांनी तहसील कचेरीत जाऊन विचारावे. वाटभट्टी-वीटभट्टीला दूर गेलेल्या कातकरी कुटुंबांना तिथल्या दुकानातून शिधा मिळाला का, हाही प्रश्न त्याच अर्जात घालावा. वाल माघ-फाल्गुनात खळ्यावर येतो. खरेदीचा निर्णय व्हायचा असेल तर अर्ज त्याच्या आधी पोचले पाहिजेत.