शंकूपाशी कोणी उभे राहायचे?

ऑटोक्रॉस हा अमेरिकेतल्या हौशी मोटारचालकांचा स्वस्तातला खेळ. मोठ्या पार्किंगच्या मोकळ्या आवारात किंवा जुन्या धावपट्टीवर नारिंगी शंकू मांडायचे आणि त्यांमधून कमीत कमी वेळात गाडी काढायची. शंकू उचलायला पगारी माणसे नसतात. एका गटात गाडी चालवणारेच दुसऱ्या गटाच्या वेळी उन्हात उभे राहतात. ही पाळी सर्वांना सक्तीची असावी, की जाणत्या आणि इच्छुक स्वयंसेवकांवरच सोपवावी, याबद्दल आयोजकांत मतभेद असणे स्वाभाविक आहे.

सक्तीची बाजू भक्कम आहे. माणसे नेमली तर प्रवेशशुल्क वाढणार आणि खेळाचा हौशीपणाच धोक्यात येणार. नेब्रास्कातील लिंकन येथे भरणाऱ्या ऑटोक्रॉसच्या राष्ट्रीय ‘सोलो’ स्पर्धेत हजाराहून अधिक स्पर्धक असतात. तिथेही मार्गावरची कामे स्पर्धकांनाच करावी लागतात. शिवाय एका वर्गाच्या गाड्या एकाच गटात धावत असल्याने आपल्याच प्रतिस्पर्ध्याचा निवाडा करण्याची वेळ सहसा कोणावर येत नाही.

दुसरीकडे, हे काम दिसते तितके सोपे नाही. प्रत्येक शंकूभोवती खडूची चौकट आखलेली असते. धक्का लागूनही शंकू उभा आणि चौकटीला टेकलेला असेल, तर दंड नाही. आडवा झाला किंवा पूर्ण बाहेर गेला, तर 2 सेकंद. निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागात लागतात, तिथे एका चुकीच्या नोंदीने क्रम फिरतो. त्यात मागची गाडी तोवर मार्गावर आलेली असते. धावत जाऊन शंकू जागेवर ठेवायचा, रेडिओवर गाडीचा क्रमांक सांगायचा आणि येणाऱ्या गाडीकडे पाठ फिरवायची नाही, हे सारे काही क्षणांत जमावे लागते. मनाविरुद्ध उभा केलेला, मोबाइलमध्ये डोके घातलेला माणूस इथे नुसता निरुपयोगी नव्हे, धोक्याचाही ठरतो.

मात्र केवळ इच्छुकांवर भिस्त ठेवली, तर दर वेळी तीच चार माणसे राबतात आणि एक दिवस तीही यायची थांबतात. शिवाय शंकू उचलता उचलता नवख्याला इतरांच्या चुका जवळून दिसतात. ते शिक्षण त्याला गाडीत बसून मिळत नाही.

दोन्ही बाजू तोलून पाहता पाळी सर्वांना सक्तीची असावी, पण जागा नेमताना माणूस पाहावा, असे आम्हाला वाटते. प्रत्येक ठाण्यावर एक अनुभवी प्रमुख हवा. रेडिओ आणि गाड्या थांबवण्याचा लाल झेंडा त्याच्या नजरेखाली असावा आणि नवखा एकटा कधीच नसावा. ज्यांना उन्हात उभे राहणे झेपत नाही, त्यांना वेळनोंदणी किंवा नावनोंदणीचे काम द्यावे. पाळी टाळून निघून जाणाऱ्याची वेळ मात्र निकालात धरू नये.

यालाही किंमत आहे. नेमणुका करणाऱ्यांचे काम वाढेल आणि जाणत्यांच्या वाट्याला जबाबदारीच्या जागा वारंवार येतील. ती कुरकुर रास्त आहे. म्हणून आज प्रमुखाशेजारी उभ्या असलेल्या नवख्याला पुढच्या हंगामात प्रमुख करण्याची तयारी आयोजकांनी आतापासूनच ठेवायला हवी.